मोडलेली पात

मी राग विसरणारी बाई नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की आशाबाई एवढी मनात ठेवणारी असेल असे वाटले नव्हते. गावात मी वर्षभर बायांना सांगत फिरते की लघवी दाबून ठेवू नका, आग होत असेल तर लपवू नका, दवाखान्यात यायला लाजू नका. आणि स्वतः मात्र एका माणसावरचा राग चार रोवण्या जपून आहे. आषाढात पऱ्ह्यांचा, भाताच्या कोवळ्या रोपांचा, हिरवा, ओला वास अंगणापर्यंत आला की तो पुन्हा जागा होतो. या वर्षीही झाला. आंघोळ करून तुळशीला पाणी घालत होते, वारा तिकडून आला, आणि हातातला तांब्या मी उगाचच दाणकन खाली ठेवला.

आमच्याकडे वर्ष रोवणीने, म्हणजे भाताच्या लावणीने, ओळखतात. अमकीचे लग्न रोवणीच्या आधी झाले, तमकीला रोवणी आटोपल्यावर मुलगी झाली. चोरखमारा धरणाचे पाणी कालव्याला आले की गावात घरी बाई सापडत नाही. मी आशा कार्यकर्ती, पण त्या दिवसांत मीही काष्टा मारून बांधीत, भाताच्या खाचरात, उतरते. दहा-बारा बाया एका ओळीत वाकतात, प्रत्येकीला आपली एक पट्टी, तिला पात म्हणायचे. रोप लावत लावत मागे सरकायचे. कंबर सरळ करायची ती धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पाय लागल्यावर. मधेच एखादी उठून गेली की तिची पात मोकळी राहते, तेवढे पाणी उघडे दिसते, दातांच्या ओळीत एक दात नसावा तसे. मग शेजारणींना तिचे काम ओढावे लागते आणि सगळ्यांना कळते की कोण गेली आणि कशाला गेली.

म्हणून आमच्या बायांनी आपली एक रीत पाडली होती. रोवणीच्या दिवसांत सकाळी पाणी प्यायचे नाही. भाकर खायची, भाजी कोरडी खायची, चहा अर्धा कप, आणि तोंड ओले करण्यापुरती एक चूळ. सासू सुनेला हे पहिल्याच वर्षी शिकवायची, काष्टा कसा मारायचा ते शिकवतात तसेच. जी बाई सकाळी सातला घरून निघून संध्याकाळी सहाला घरी येऊनच मोकळी होते, ती घट्ट बाई. असे कौतुकाने म्हणत. धुऱ्यावर आडोसा कुठे असतो? पळसाचे एखादे झाड, तेही माणसांच्या वाटेवर. एका बाजूला ट्रॅक्टरवाले चिखल करतात, दुसऱ्या बाजूला मालक छत्री घेऊन उभा. आणि वरून बिरसी विमानतळाची शिकाऊ विमाने घिरट्या घालतात. एकदा सखूबाईने वर बोट दाखवून सांगितले की आता तर देवाच्या बाजूनेही उघडेच आहे. सगळ्या हसलो. हसताना दोघीतिघींनी मांड्या आवळल्या, ते मला आता आठवते.

आमच्या गावातली सगळ्यात घट्ट बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ, शेवंता.

तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. तिची बोटे चिखलात जायची आणि यायची, रोप उभे. ती पातीच्या कडेला असली की पूर्ण ओळ तिच्या वेगाने चालायची. लग्न होऊन आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि आमच्या सासूने पहिल्याच रोवणीनंतर शेजारणीला सांगितले होते की ही पोरगी दिवसभर एकदाही उठली नाही. शेवंताने ते ऐकले. मग सोळा वर्षे ती उठलीच नाही.

त्या वर्षी मला नवे प्रशिक्षण मिळाले होते आणि मी हवेत होते. अंगणवाडीत बायांना बसवून मूत्राशयाची काळजी सांगायची, असे काम. वरून एक तक्ता आला होता, त्यावर दोन लाल बिया आणि खाली एक फुगा. सखूबाईने हे शेंगदाणे कशाचे म्हणून विचारले आणि वर्ग तिथेच संपल्यात जमा झाला. मी तक्ता गुंडाळला आणि सगळ्यांना गावच्या बोडीवर घेऊन गेले. बोडी म्हणजे आमचा छोटा तलाव, मातीच्या पाळीचा. पाणी सोडायला पाळीत एक तोंड असते, त्याला तुडूम म्हणतात. पाळीवर बसवून मी म्हटले, पोटात खाली अशीच एक बोडी आहे. पाणी आलेच नाही तर तळाशी गाळ बसतो, खडे होतात. पाणी आले आणि तुडूम उघडले नाही तर पाळीला तडा जातो, आणि सडके पाणी उलटे चढते. तीन-चार तासांनी तुडूम उघडायचे. घाई करून, जोर लावून नाही, नीट बसून, बोडी पुरती रिकामी होईपर्यंत. धुताना हात पुढून मागे न्यायचा. नवऱ्याजवळून उठल्यावर आधी लघवीला जायचे. लघवी हळदीच्या पाण्यासारखी दिसली तर पाणी कमी पडते आहे. आग, कणकण, रक्त, यातले काही दिसले तर घरगुती काढे करत बसायचे नाही.

त्यांना कळले. पाण्याचे त्यांना सगळे कळते. तेव्हा तोंडे उघडली. एकीने सांगितले की तिसऱ्या बाळंतपणापासून खोकला आला की लुगडे ओले होते. मग दुसरी म्हणाली तिचेही होते, मग तिसरी. पंधरा-पंधरा वर्षे एका ओळीत वाकणाऱ्या बाया, आणि एकीचे दुसरीला माहीत नव्हते. मी त्यांना खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम शिकवला. लाजत लाजत केला सगळ्यांनी.

शेवंता मागे बसली होती. उठता उठता तिने विचारले, एखादीला पंधरा दिवसांपासून आग होत असेल तर? मी मास्तरणीसारखी सगळ्या वर्गाकडे तोंड करून उत्तर दिले. कोणाला होते आहे, हे विचारले नाही. एका अंगणात दोन चुली आमच्या, तिच्या घरातली फोडणी माझ्या घरात ठसक्याने कळते. आणि मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

वर्गाच्या शेवटी मी फर्मान काढले. उद्यापासून प्रत्येकीने शेतावर पाण्याची बाटली आणायची आणि दुपारच्या आत संपवायची. पाणी प्या, पाणी प्या. हे पाणी पुढे कुठे जायचे, ते मी सांगितले नाही. धुरा तोच, पळस तोच, छत्री तीच. आणि फर्मान सोडून दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला बैठकीला निघून गेले.

छत्री धनलालभाऊची. आता त्याचे सांगते.

धनलालभाऊ आमच्या गावचा मोठा शेतकरी. वाईट माणूस म्हणून कोणी त्याचे नाव घेणार नाही. बायांना दुपारचा चहा वेळेवर देतो, कोणाच्या मयतीला पहिला हजर असतो. त्याच्या पणज्याने गावची बोडी बांधली, हे तो कोणालाही सांगतो, विचारले नसले तरी. पाळीवर उभा राहून नुसत्या डोळ्यांनी सांगेल की तुडूम आज उघडायचे की उद्या. पाणी किती थोपवावे आणि कधी सोडावे, हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत, तो माणूस अडाणी होता असे मला कोणी सांगू नये. मी त्याला ती सूट देत नाही.

त्या दिवशीचे मला बायांनी नंतर सांगितले. शेवंताने माझे ऐकले होते. बाटली भरून आणली, दहा वाजेपर्यंत संपवली. अंगात कणकण होती, खाली आग होती, वरून पाणी. सोळा वर्षांत पहिल्यांदा ती पातीतून उठली आणि धुऱ्याकडे निघाली. पळसापर्यंत पोहोचली होती. धनलालभाऊने छत्रीखालून, ट्रॅक्टरवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "काऊन व शेवंता, घडीघडी कुठं जाऊन राहिली? नळ बिघडला का तुया?"

घडीघडी नव्हे. सोळा वर्षांत एकदा.

ट्रॅक्टरवाले हसले. शेवंता पळसापाशी क्षणभर उभी राहिली, मग तशीच परत आली, पातीत वाकली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी बाटली तिने घरीच ठेवली. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि लघवीत रक्त आले. ते मी पाहिले, न्हाणीच्या दगडावर. मग गोंदिया. तिथल्या सिस्टरने तपासणीचा कागद पाहिला आणि मलाच झापले, "इतने दिन क्या कर रहे थे आप लोग?" मी आशाबाई असल्याचे तिला सांगितले नाही.

डावे मूत्रपिंड गेले होते. खडा अडकला होता, मागे पू साचला होता. उजवेही वर्षानुवर्षांच्या त्रासाने निम्मे झालेले. डॉक्टर भला माणूस होता, म्हणाला, असे एका दिवसात होत नाही, एक कारण बोट ठेवून सांगता येत नाही. त्याला येत नसेल. मला येते. माझे बोट एका छत्रीवर आहे.

त्या पावसाळ्यात मी धनलालभाऊच्या घरावरून गेले की पदर पुढे ओढायचे आणि त्याचा रामराम घ्यायचे नाही. शेवंता खाटेवर होती आणि मी देवापाशी फक्त एकच मागत होते. तिला बरे कर, हे शहाण्या माणसाने मागितले असते. मी मागितले की त्याला दुखू दे, आणि नेमके तिथेच. लाज वाटत नाही मला सांगायला. भाकरी थापताना, रजिस्टर भरताना, बाळांना डोस पाजताना मी मनात त्याला पळसापाशी उभा करायचे आणि सगळ्या गावाला हसायला लावायचे.

देवाने निम्मे ऐकले. पुढच्या वर्षीच्या रोवणीपर्यंत धनलालभाऊची मोटरसायकल दर आंब्याखाली थांबायला लागली होती. पुरुषांची ती गाठ असते, म्हातारपणी वाढते. घरून शेतापर्यंत दोनदा, शेतावर तासात दोनदा. माझ्याआधी बायांनी ताडले.

आमच्याकडे रोवणी संपण्याच्या दिवशी बाया मालकाला चिखल माखतात. रोपांची शेवटची जुडी लागली की त्याला बांधीत घेरायचे, कपाळापासून पायापर्यंत माखायचा, आणि मागू ते कबूल करेपर्यंत कोंडाळे सोडायचे नाही. कोणी जेवण मागते, कोणी लुगडे. त्या दिवशी मालकाने रागवायचे नसते. वर्षातला तो एक दिवस आमचा. मी त्या दिवसाची वाट अकरा महिने पाहिली होती.

दुपारचा चहा त्याने दोन कप घेतला. मी पाहून ठेवले होते. मग शेवटची जुडी लागली, सखूबाईने हाक दिली, आणि आम्ही बारा जणींनी त्याला मधे घेतला. चिखल पडला तसा तो हसत होता. मी पुढे झाले आणि म्हटले, लुगडे नको, जेवण नको. तुमच्या प्रत्येक बांधीच्या धुऱ्यावर बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा पाहिजे, आत पाण्याचे मडके पाहिजे. दिवसातून तीनदा पात मोडेल, सगळ्या बाया एकदम जातील, आणि तेवढा वेळ तुम्ही नि तुमचे ट्रॅक्टरवाले पाठ करून उभे राहाल. तो हसून म्हणाला, पाहू. मी म्हटले, पाहू नाही.

थोड्या वेळाने हसू गेले. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर यायला लागला. मग दोन्ही गुडघे जवळ आले. हे सगळे मी वर्गात शिकवते, कोणत्या बाईने कळ धरली आहे ते कसे ओळखायचे. "दिलं, बाप्पा, समदं दिलं," तो म्हणाला. "आता सोडा."

मला हवे ते मिळाले होते. तिथे कोंडाळे सोडायला हवे होते. मी सोडले नाही. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायांचे हात मी घट्ट धरले आणि सगळ्या ओळीला कळले की अजून नाही. कपाळावरच्या चिखलातून त्याला घाम फुटला होता. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. आपण काय करतो आहोत हे मला पक्के माहीत होते. दाबून ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला आत काय होते, त्याचा तक्ता माझ्याच घरी गुंडाळून ठेवलेला आहे. पण त्या दोन-तीन मिनिटांइतके बरे मला त्या सबंध वर्षात कधी वाटले नव्हते.

शेवंता धुऱ्यावर बसली होती, औषधांवर होती, चिखलात उतरायची मनाई होती. तिथून ती म्हणाली, "सोड व बाई त्याले. त्याले लागली आहे."

एवढेच. रागाने नाही, कळवळ्यानेही नाही. ताटात भात संपला आहे असे सांगावे तसे. माझे हात आपोआप सुटले. धनलालभाऊ चिखल उडवत पळसाकडे गेला, आणि मी, वर्षभर घोकलेले, पूर्ण आवाजात म्हटले, "काऊन गा धनलालभाऊ, नळ बिघडला का तुमचा?"

बाया हसून हसून बांधीत बसल्या. ट्रॅक्टरवालेही हसले, त्यांना काय, ते कोणालाही हसतात. तो पाठमोरा उभा होता, खूप वेळ. मला कळत होते की होत नाही आहे. सगळे पाहत असले की होत नाही. शेवंता काही हसली नाही. ती चिखलाने भरलेल्या त्याच्या पाठीकडे पाहत होती आणि मला तिच्याकडे पाहावेसे वाटेना.

सूड उगवताना माणूस स्वतःला किती सहज बाजूला ठेवतो. छत्रीवर बोट ठेवले की ते दुसरीकडे वळत नाही. पण कधी कधी भांडी घासताना मला दिसते ती बाटली. ती मी आणायला लावली होती. मी तिला पाणी पाजून उघड्या धुऱ्यावर पाठवले, आणि आडोशाचा विचार मला सुचला तो ती गोंदियाला खाटेवर असताना. पंधरा दिवसांची आग तिने मला सांगितली होती, भर वर्गात, आणि मी तिला उत्तर दिले, तिला विचारले नाही. धनलालभाऊ एक वाक्य बोलला. मी तासभर बोलले होते. हे लिहिते आहे म्हणून त्याच्यावरचा राग तसूभर कमी झाला असे समजू नका. मी त्याच्या शेजारी स्वतःलाही उभी केली आहे, एवढेच.

तट्ट्या लागल्या. त्याने शब्द पाळला, दर वर्षी नव्या बांधून देतो. शेजारच्या दोन मालकांनीही लावल्या, कारण त्यांच्या बांधीत बाया उतरेनात. आता आमच्या सुना सकाळी तांब्याभर पाणी पिऊन निघतात. घट्ट बाई हा शब्द नव्या पोरींना ठाऊकही नाही. वर्गाला जास्त बाया येतात, आणि सगळ्यात आधी येऊन शेवंता बसते.

तिचे उजवे मूत्रपिंडही गेल्या दिवाळीत थकले. आता आठवड्यातून दोनदा ती गोंदियाला डायलिसिसला जाते, पहाटेच्या एसटीने. जे पाणी शरीराने बाहेर टाकायचे, ते यंत्र काढते. म्हणून पिण्याचे पाणी मोजून. एका छोट्या बाटलीवर मी तिला रंगाने खूण करून दिली आहे, दिवसभरात खुणेपर्यंतच. सबंध गावाला पाणी प्या म्हणून सांगणारी मी, तिच्या हातातला पेला काढून घेते. उन्हाळ्यात ती ओठांवरून ओले फडके फिरवते आणि म्हणते, चव आली.

घरी बसवत नाही म्हणून या रोवणीला ती धुऱ्यावर येते. मडक्यापाशी बसते. येईल त्या बाईला पेला भरून देते आणि ती संपवेपर्यंत पाहत राहते. निम्मा सोडलेला तिला चालत नाही. आणि वेळ झाली की थाळीवर चमचा वाजवते. तिने वाजवले की पात मोडायची, कोणाचे रोप हातात असले तरी.

परवा दुपारची गोष्ट. थाळी वाजली. आम्ही चिखलातून पाय ओढत तट्ट्यांकडे निघालो. धनलालभाऊने रीतीप्रमाणे छत्री घेऊन पाठ केली. आता तो वाळला आहे, ऑपरेशन झाल्यापासून काठी टेकतो. मी सगळ्यात मागे होते. बाया आत गेल्या, बोलणी दूर झाली, आणि मडक्यापाशी पेला विसळल्याचा आवाज त्याला ऐकू आला असेल. पाठमोरा असतानाच त्याने विचारले, "शेवंता, तू नाई जात का व?"

आपुलकीने विचारले. तेवढे मी त्याच्या बाजूने लिहीन.

शेवंता पेला पुसत होती. म्हणाली, "मले आता लागतच नाई, भाऊ."

चार वर्षे मी त्याच्यासाठी शब्द शोधत होते. एवढे साधे मला कधी सुचले नव्हते. त्याची छत्री थोडी खाली आली. बाया परतल्या, एकेक पेला पाणी प्याल्या, आपापल्या पातीत उभ्या राहिल्या. मीही वाकले. दोन-तीन जुड्या लावून झाल्यावर मान वर केली, तर तो अजून तसाच उभा होता, आमच्याकडे पाठ करून, कालव्याकडे तोंड.

सगळ्या आल्या आहेत, आता वळा, हे त्याला सांगायचे काम माझे होते. मी सांगितले नाही.